श्ट्रालझुंट–ऱ्यूगेन मतदारसंघ

जर्मनीच्या बुंडेस्टाग या लोकनियुक्त सभागृहाचा, देशाच्या ईशान्य टोकाला बाल्टिक समुद्रकाठी असलेला एक मतदारसंघ. मेक्लेनबुर्क-फोरपोमर्न या घटक राज्यात तो मोडतो. २०१३ पासून त्याचे अधिकृत नाव ‘फोरपोमर्न-ऱ्यूगेन–फोरपोमर्न-ग्राइफ्सव्हाल्ट १’ असे लांबलचक असून त्याचा क्रमांक १५ आहे. तथापि १९९० ते २००२ या काळातील ‘श्ट्रालझुंट-ऱ्यूगेन-ग्रिमन’ या नावाने तो अधिक परिचित आहे. ऱ्यूगेन हे जर्मनीचे सर्वांत मोठे बेट (क्षेत्रफळ ९२६ चौ.किमी.), हिडन्झे हे लहान बेट, डार्स-त्सिंग्स्ट हा द्वीपकल्प, श्ट्रालझुंट हे जुने बंदर, ग्राइफ्सव्हाल्ट हे विद्यापीठाचे शहर आणि त्यांच्या पाठीमागचा विरळ वस्तीचा शेतीप्रदेश मिळून हा मतदारसंघ बनला आहे. जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल (कार्यकाल २००५–२१) यांनी १९९० पासून लागोपाठ आठ निवडणुकांत येथून विजय मिळविला, हे त्याच्या प्रसिद्धीचे कारण. परंतु एवढ्यावरच त्याचा विचार संपविणे योग्य नव्हे. निरनिराळ्या सहा राज्यव्यवस्थांत या एकाच भूभागाचे प्रतिनिधित्व कसे झाले, किंवा झाले नाही, हे पाहू लागले म्हणजे जर्मनीतील संसदीय लोकशाहीची घडण जवळून समजते.

पूर्वपीठिका : या किनाऱ्यावर मध्ययुगात स्लाव्ह वंशीय रानी लोकांची वस्ती होती. ऱ्यूगेनच्या उत्तर टोकावरील आर्कोना येथील त्यांचे देवालय डेन्मार्कचा राजा पहिला व्हाल्डेमार याने ११६८ मध्ये उद्ध्वस्त केले. पुढे जर्मन वसाहतकार आले व श्ट्रालझुंट हे हॅन्सिअॅटिक संघातील एक संपन्न शहर बनले. संघाने डेन्मार्कच्या राजसत्तेला नमवून १३७० चा तह याच शहरात केला. ऱ्यूगेनच्या राजघराण्याचा वंश १३२५ मध्ये खुंटल्यावर बेट पोमेरेनियाच्या सरदारांकडे गेले होते. तीस वर्षांच्या युद्धात सम्राटाचा सेनापती व्हालेनश्टाइन याने १६२८ मध्ये श्ट्रालझुंटला घातलेला वेढा त्याला उठवावा लागला. शहराच्या अभिमानाचा तो आजही विषय आहे. वेस्टफेलियाच्या तहाने (१६४८) पश्चिम पोमेरेनिया स्वीडनकडे गेला आणि १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर त्याचा उरलेला भाग प्रशियाला मिळाला.

स्वीडिश अमदानीचा वारसा दुहेरी होता. शहरांना पुष्कळ स्वायत्तता राहिली; खेड्यांत मात्र जमीनदारांनी कुळांच्या जमिनी गिळंकृत करून त्यांना भूदास बनविले. ऱ्यूगेनवर जन्मलेला लेखक एर्न्स्ट मोरित्स आर्न्ट (१७६९–१८६०) याचा बाप स्वतः मुक्त झालेला भूदास होता. आर्न्टने १८०३ मध्ये या प्रदेशातील भूदासपद्धतीचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा जमीनदारवर्ग संतापला. १८०६ मध्ये स्वीडनच्या राजाने ही पद्धती रद्द केली. पण जमीन जमीनदारांकडेच राहिली आणि मुक्त झालेला भूदास शेतमजूर झाला. पुढील शंभर वर्षांत या मजुराला मताचा अधिकार मिळाला, तेव्हा त्याने ते मत कोणाला द्यावे, हा प्रश्न प्रत्यक्षात त्याच्या एकट्याचा राहिला नाही, त्याचे मूळ येथे आहे.

साम्राज्यकाळ : उत्तर जर्मन संघाच्या (१८६७) व पुढे जर्मन साम्राज्याच्या (१८७१) राइक्स्टाग सभागृहासाठी पंचवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना समान मताधिकार मिळाला. खुद्द प्रशियाच्या विधिमंडळासाठी कराच्या प्रमाणात मतदारांचे तीन वर्ग पाडण्याची पद्धत १९१८ पर्यंत चालू होती. म्हणजे एकच शेतमजूर बर्लिनमधील एका सभागृहासाठी जमीनदाराच्या बरोबरीचा व दुसऱ्यासाठी त्याच्या पासंगालाही न पुरणारा मतदार होता. श्ट्रालझुंट जिल्ह्याचे राइक्स्टागसाठी दोन मतदारसंघ पाडले होते : ऱ्यूगेन, श्ट्रालझुंट व फ्रान्त्सबुर्क यांचा पहिला आणि ग्राइफ्सव्हाल्ट व ग्रिमन यांचा दुसरा. दीडशे वर्षांनंतरच्या मतदारसंघात हे दोन्ही जुने मतदारसंघ बहुतांशी एकत्र आलेले दिसतात. निवडून येण्यास निम्म्याहून अधिक मते लागत. ती कोणालाच न मिळाल्यास पहिल्या दोन उमेदवारांत फेरनिवडणूक होई.

कायद्याने मतदान गुप्त होते. प्रत्यक्षात सरकारी मतपत्रिका अशी नव्हतीच. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवाराच्या नावाच्या चिठ्ठ्या छापून वाटी आणि मतदार त्यांपैकी एक घडी करून मतदान-अधिकाऱ्याच्या हाती देई. कागदाचा रंग, जाडी वा घडीची पद्धत यांवरून मत ओळखता येई. जमीनदाराचा कारभारी मजुरांना रांगेने मतदानकेंद्रावर नेई व दारातच त्यांच्या हाती चिठ्ठी ठेवी, अशा तक्रारी एल्ब नदीच्या पूर्वेकडील प्रदेशांतून राइक्स्टागकडे वर्षानुवर्षे येत राहिल्या. मतदानकेंद्राचा प्रमुख पुष्कळदा स्वतः जमीनदारच असे. १९०३ मध्ये सारख्या आकाराचे सरकारी पाकीट व आडोशाची खोली सक्तीची झाली, तेव्हा कोठे कायद्यातील गुप्तता मतदारापर्यंत पोहोचली. या एका साध्या पाकिटाचे महत्त्व मोठमोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा कमी मानू नये. तरीही एक दोष राहिलाच. मतदारसंघांच्या सीमा १८७१ नंतर साम्राज्याच्या अखेरपर्यंत जवळजवळ बदलल्या नाहीत. औद्योगिक शहरे फुगत गेली, तरी ओस पडत चाललेल्या ग्रामीण मतदारसंघांना पूर्वीइतक्याच जागा मिळत राहिल्या. पोमेरेनियाला या व्यवस्थेचा लाभ झाला आणि तो सनातनी पक्षाच्या पदरात पडला.

वायमार प्रजासत्ताक व नाझी राजवट : नोव्हेंबर १९१८ मधील क्रांतीनंतर स्त्रियांना मताधिकार मिळाला, मतदाराचे वय विसावर आले आणि जानेवारी १९१९ ची राष्ट्रीय सभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने झाली. छोटे मतदारसंघ नाहीसे होऊन सबंध पोमेरेनिया प्रांत एकच मतदारसंघ बनला. १९२० च्या कायद्यानुसार पक्षाच्या यादीला दर ६०,००० मतांमागे एक जागा मिळे. हिशेब चोख झाला. परंतु ऱ्यूगेनच्या कोळ्याने किंवा ग्रिमनच्या शेतकऱ्याने ‘आमचा प्रतिनिधी’ म्हणून कोणाकडे बोट दाखवावे, हे मात्र अस्पष्ट झाले. जर्मन राष्ट्रीय लोकपक्ष हा जमीनदारांचा पक्ष पोमेरेनियात प्रबळ होता. कृषिमंदीत त्याचा ग्रामीण मतदार नाझी पक्षाकडे वळला. मार्च १९३३ च्या निवडणुकीत त्या पक्षाला देशभर ४३·९ टक्के, तर पोमेरेनियात ५६·३ टक्के मते पडली. त्यानंतर बारा वर्षे प्रतिनिधित्वाला अर्थच उरला नाही. या काळाची खूण म्हणजे ऱ्यूगेनच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रोरा येथील सु. ४·५ किमी. लांबीची इमारतींची ओळ. नाझी श्रमिक संघटनेने वीस हजार सुटीकरूंसाठी ती १९३६ पासून बांधावयास घेतली; युद्ध सुरू झाल्याने ती पुरी झाली नाही आणि एकही सुटीकरू तेथे राहिला नाही. पुढे प्रोराचा उल्लेख वेगळ्या संदर्भात येईल.

साम्यवादी काळ : १९४५ मध्ये ओडर नदीपलीकडील पोमेरेनिया पोलंडकडे गेला व उरलेला पश्चिमेकडील तुकडा सोव्हिएट व्यवसित प्रदेशात मेक्लेनबुर्कला जोडण्यात आला. शंभर हेक्टरांवरील जमीनदाऱ्या विनामोबदला जप्त होऊन त्यांचे तुकडे भूमिहीनांना आणि पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांना वाटले गेले. युद्धोत्तर मेक्लेनबुर्क-फोरपोमर्नमध्ये लोकसंख्येच्या सु. ४५ टक्के निर्वासित होते. त्यामुळे येथील पुढच्या मतदाराचा ‘पिढीजात पोमेरेनियन’ असा विचार करणे फसवे ठरते. ऑक्टोबर १९४६ मधील प्रांतिक निवडणुकीत अनेक पक्ष रिंगणात होते व सोशलिस्ट एकता पक्षाला जवळजवळ निम्मी मते मिळाली. ती या प्रदेशातील चव्वेचाळीस वर्षांतील शेवटची स्पर्धात्मक निवडणूक. १९४७ मध्ये राज्याच्या नावातून ‘फोरपोमर्न’ हा शब्द गाळण्यात आला आणि १९५२ मध्ये राज्यच मोडून किनाऱ्याचा रोस्टोक जिल्हा करण्यात आला. पूर्व जर्मनीच्या लोकसभेसाठी (फोक्सकामर) सर्व पक्षांची एकच संमत यादी मतदारापुढे ठेवली जाई. ती घडी करून पेटीत टाकणे म्हणजे मतदान. आडोशाच्या खोलीत जाणारा माणूस संशयाचा विषय होई. १९०३ पूर्वीच्या चिठ्ठीशी या यादीचे असलेले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

या काळात प्रदेशाचा आर्थिक चेहरा पालटला. श्ट्रालझुंट येथे १९४८ मध्ये राष्ट्रीय जहाजबांधणी कारखाना निघाला व सोव्हिएट संघासाठी मासेमारी जहाजांची तेथे मोठ्या संख्येने बांधणी झाली; शहराची लोकसंख्या १९८० नंतरच्या दशकात ७५,००० च्या आसपास गेली. झासनित्स हे मासेमारी व फेरी-बोटींचे बंदर होते. १९८६ मध्ये जवळच्या मुक्रान येथून थेट लिथुएनियातील क्लाइपेडापर्यंत रेल्वे-डबे नेणारी फेरी सुरू झाली. ग्राइफ्सव्हाल्टच्या नव्या वसाहतींत लुबमीन अणुवीजकेंद्राचे कामगार राहत. दुसऱ्या बाजूस, फेब्रुवारी १९५३ मध्ये ‘गुलाब मोहीम’ या नावाखाली बाल्टिक किनाऱ्यावरील खाजगी हॉटेले व विश्रामगृहे क्षुल्लक आर्थिक गुन्ह्यांचे आरोप ठेवून जप्त करण्यात आली व अनेक मालकांना तुरुंगात टाकण्यात आले. १९९० नंतर बिंट्स, झेलीन यांसारख्या गावांत मालमत्ता परत करण्याचे जे दावे उभे राहिले, त्यांतील बरेचसे या मोहिमेपर्यंत मागे जातात.

नव्या मतदारसंघाची निर्मिती : १८ मार्च १९९० रोजी पूर्व जर्मनीत फोक्सकामरची पहिली व शेवटची मुक्त निवडणूक झाली. मतदान ९३·४ टक्के झाले. त्या वेळी पंधरा जिल्हे हेच मतदारसंघ होते व उमेदवार यादीवरून निवडले गेले. ३ ऑक्टोबर १९९० रोजी एकीकरण झाल्यावर पश्चिम जर्मनीचा निवडणूक कायदा पूर्वेला लागू झाला आणि बहात्तर वर्षांनंतर या भूभागाला पुन्हा मतपेटीतून सभागृहात जाणारा स्वतःचा असा एक प्रतिनिधी मिळण्याची सोय झाली.

या कायद्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण भारतीय वाचकाच्या परिचयाच्या लोकसभा निवडणुकीपेक्षा ती भिन्न आहे. जर्मन मतदाराला दोन मते असतात. पहिले मत मतदारसंघातील व्यक्तीला दिले जाते व सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो. दुसरे मत पक्षाच्या राज्यनिहाय यादीला दिले जाते आणि सभागृहातील पक्षांचे बळ या दुसऱ्या मतावरून ठरते. यादीतून वाटा मिळण्यासाठी पक्षाला सर्वसाधारणपणे देशभर पाच टक्के मते किंवा तीन मतदारसंघांत विजय आवश्यक असतो. १९९० च्या निवडणुकीपुरती ही अट घटना-न्यायालयाच्या निर्णयाने पूर्व व पश्चिम भागांत वेगवेगळी लावण्यात आली. वायमार काळातील बेचेहरा यादी आणि साम्राज्यकाळातील विषम मतदारसंघ या दोन्ही अनुभवांतून काढलेली ही वाट होय. मतदारसंघात हरलेला उमेदवारही यादीतून निवडून येऊ शकतो. त्यामुळे एकाच मतदारसंघाच्या भागातून दोन-तीन सदस्य बुंडेस्टागमध्ये असणे असामान्य नाही. तथापि ‘थेट निवडून आलेला’ सदस्य या बिरुदाला लोकमानसात वेगळेच वजन आहे.

श्ट्रालझुंट शहर आणि त्याच्या भोवतीचा जिल्हा, ऱ्यूगेन व ग्रिमन मिळून २६७ व्या क्रमांकाचा मतदारसंघ आखण्यात आला. मेक्लेनबुर्क-फोरपोमर्न राज्याच्या वाट्याला त्या वेळी नऊ मतदारसंघ होते. लोक पश्चिमेकडे निघून जात राहिले, तशी ही संख्या २००२ मध्ये सात व २०१३ मध्ये सहा झाली. साम्राज्यकाळी सीमा गोठविल्यामुळे ग्रामीण प्रदेशाचे वजन टिकले होते. आता सीमा नियमितपणे लोकसंख्येनुसार आखल्या जात असल्याने ओसरत्या प्रदेशाचा आवाजही ओसरत जातो. न्यायाच्या दृष्टीने दुसरी पद्धत निर्विवाद श्रेष्ठ असली, तरी ज्या प्रदेशाचे तरुण निघून जातात त्याचे प्रतिनिधीही कमी होतात, हे तिचे फळ तेथील रहिवाशांना कडू वाटले तर नवल नाही. २००२ मध्ये रिब्निट्स-डामगार्टनचा परिसर जोडला गेला. रेक्निट्स नदीच्या एका काठावरील मेक्लेनबुर्कचे रिब्निट्स व दुसऱ्या काठावरील पोमेरेनियाचे डामगार्टन १९५० मध्ये एक झाले होते. त्यामुळे जुनी प्रांतसीमा आता मतदारसंघाच्या पोटात आली. २०११ च्या जिल्हा-पुनर्रचनेनंतर ग्राइफ्सव्हाल्ट शहर समाविष्ट झाले. १४५६ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठामुळे ते तरुण व तुलनेने उदार मतांचे आहे, तर आतील खेडी वयस्क व चिंताग्रस्त. मतदारांची संख्या अडीच लाखांच्या आतबाहेर आहे.

मेर्केल यांचे प्रतिनिधित्व : आंगेला मेर्केल (जन्म १९५४) या मूळच्या या भागातील नव्हत. हँबर्गमध्ये जन्मून ब्रांडेनबुर्कमधील टेम्पलीन येथे धर्मोपदेशकाच्या घरी त्या वाढल्या व पूर्व बर्लिनमधील विज्ञान अकादमीत संशोधक होत्या. ‘लोकशाही प्रबोधन’ या लहान पक्षातून त्या राजकारणात आल्या. तो पक्ष ऑगस्ट १९९० मध्ये पूर्वेकडील ख्रिश्चन डेमॉक्रॅटिक युनियनमध्ये विलीन झाला. लोटार द मेझिएर यांच्या अखेरच्या पूर्व जर्मन शासनात त्या उपप्रवक्त्या होत्या. पक्षाचे स्थानिक नेते ग्युंटर क्राउझ यांनी या मतदारसंघासाठी त्यांचे नाव पुढे केले. उमेदवार निवडीची सभा सप्टेंबर १९९० मध्ये प्रोरा येथे भरली. पश्चिमेकडून आलेले प्रतिस्पर्धी तयारीचे होते. पहिल्या फेरीत मागे पडलेल्या मेर्केल रात्री उशिरा झालेल्या दुसऱ्या फेरीत थोडक्या मतांनी पुढे गेल्या. जर्मनीच्या राजकारणाची पुढील तीन दशके या सभेतील थोड्या मतांवर फिरली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

नोव्हेंबर १९९० मधील प्रचारात ऱ्यूगेनवरील लोबे येथील कोळ्यांच्या झोपडीत बसलेल्या मेर्केल यांचे एक छायाचित्र पुढे फार प्रसिद्धी पावले. लहानशा खिडकीतून येणाऱ्या उजेडात दाढीवाले कोळी आणि त्यांच्यात संकोचून बसलेली छत्तीस वर्षांची पाहुणी असे ते दृश्य आहे. बाल्टिकच्या कोळ्यांपुढे तेव्हा नवे चलन, युरोपीय समूहाचे नियम आणि बंद पडणाऱ्या खरेदी-संस्था हे प्रश्न उभे होते. त्या पुढे पदाने कितीही वाढल्या, तरी कोळ्यांची संख्या घटतच गेली. पश्चिम बाल्टिकमधील हेरिंग माशांचा साठा खालावल्याने पकडीच्या मर्यादा वर्षानुवर्षे कडक झाल्या व २०२२ पासून तर हेरिंगच्या मासेमारीवर मोठेच निर्बंध आले.

२ डिसेंबर १९९० रोजी मेर्केल यांना ४८·५ टक्के पहिली मते मिळाली. जानेवारी १९९१ मध्ये हेल्मूट कोल यांनी त्यांना स्त्रिया व युवक खात्याचे मंत्रिपद दिले, १९९४ मध्ये पर्यावरण खाते दिले. १९९४ मध्ये ४८·६ टक्के मते टिकली; कोल यांची सत्ता गेली त्या १९९८ च्या निवडणुकीत ती ३७·३ टक्क्यांवर घसरली. हा त्यांचा येथील नीचांक. २००२ मध्ये ४१·६, २००५ मध्ये ४१·३, २००९ मध्ये ४९·३ व २०१३ मध्ये ५६·२ टक्के असा पुढील चढता क्रम आहे. २००५ मध्ये त्या चॅन्सेलर झाल्या, तेव्हा मतदार त्यांच्याकडे वळण्यास पदाचा दिमाख कारणीभूत झाला असणार. पण पहिले विजय पदापूर्वीचे आहेत, हेही विसरता येत नाही.

देशाचा शासनप्रमुख हाच आपला प्रतिनिधी असणे हे मतदारसंघाला लाभदायक असते काय, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. दृश्य लाभ मोजता येतात. १९३६ च्या बांधाला जोड म्हणून श्ट्रालझुंट व ऱ्यूगेन यांमधील सामुद्रधुनीवर बांधलेल्या २,८३१ मी. लांबीच्या पुलाचे उद्‌घाटन २० ऑक्टोबर २००७ रोजी मेर्केल यांच्या हस्ते झाले. जुलै २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना त्यांनी श्ट्रालझुंटच्या जुन्या चौकात आणले व ट्रिनव्हिलर्सहागन या खेड्यात रानडुकराच्या मेजवानीला नेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऱ्यूगेनवर मेलेल्या हंसांत पक्षिज्वराचा विषाणू सापडला, तेव्हा चॅन्सेलर स्वतः बेटावर आल्या. श्ट्रालझुंटच्या जुन्या शहराचा विस्मारसह जागतिक वारशाच्या यादीत २००२ मध्ये समावेश झाला. विटांच्या गॉथिक इमारती सावरल्या गेल्या आणि पर्यटन वाढले.

मात्र जहाजबांधणी कारखान्याची कथा वेगळी आहे. एकीकरणानंतर तो ब्रेमेनच्या फुल्कान उद्योगाकडे गेला. पूर्वेकडील कारखान्यांसाठी मिळालेले अनुदान पश्चिमेकडे वळविले गेल्याचे उघड होऊन तो उद्योग १९९६ मध्ये कोसळला. त्यानंतर डॅनिश मालक आले, गेले. २०१२ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला, २०१४ मध्ये नवा मालक व २०१६ मध्ये आशियाई पर्यटन-उद्योगसमूह आला आणि २०२२ च्या आरंभी पुन्हा दिवाळे निघाले. अखेर नगरपालिकेने जागा विकत घेतली. प्रत्येक वेळी कामगारांनी आपल्या प्रतिनिधीकडे दाद मागितली. बाजारनियम आणि युरोपीय अनुदान-नियंत्रण यांची बाजू जिने ब्रुसेल्समध्ये मांडावयाची, तीच व्यक्ती श्ट्रालझुंटच्या कामगारांची प्रतिनिधी होती. चॅन्सेलरपदाने मतदारसंघाला कान मिळाला, परंतु तो कान साऱ्या देशाचा होता.

मेर्केलोत्तर काळ : २०१५ मध्ये निर्वासितांना प्रवेश देण्याच्या मेर्केल यांच्या निर्णयानंतर पूर्वेत असंतोष वाढला. सप्टेंबर २०१६ च्या राज्य विधिमंडळ निवडणुकीत ‘जर्मनीसाठी पर्याय’ या उजव्या पक्षाने २०·८ टक्के मते मिळवून मेर्केल यांच्या पक्षाला (१९ टक्के) त्यांच्याच राज्यात मागे टाकले. २०१७ च्या प्रचारात पूर्व जर्मनीतील अनेक सभांतून त्यांना शिट्ट्यांना तोंड द्यावे लागले. तरी मतदारसंघ त्यांनी ४४ टक्के मतांनी राखला. दुसऱ्या क्रमांकावरील ‘पर्याय’ पक्षाच्या उमेदवारास १९·२ टक्के मते पडली. मोठ्या युद्धानंतर स्वतः निर्वासितांनी भरलेल्या प्रदेशाने निर्वासितांच्या प्रश्नावरून आपल्या प्रतिनिधीकडे पाठ फिरवावी, यात विसंगती शोधणाऱ्या टीकाकारांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : पूर्वेकडील त्या निर्वासितांच्या दुःखाची जाहीर वाच्यता पूर्व जर्मनीत चाळीस वर्षे होऊ दिली गेली नव्हती. स्मृतीच नसेल तर तिच्यापासून धडा घेणे दूरच.

२०२१ मध्ये मेर्केल उभ्या राहिल्या नाहीत. २६ सप्टेंबर रोजी बुंडेस्टाग व राज्य विधिमंडळ या दोहोंचे मतदान एकाच दिवशी झाले आणि मुख्यमंत्री मानुएला श्व्हेझिख यांच्या लोकप्रियतेच्या लाटेवर सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाने राज्यातील सहाही मतदारसंघ जिंकले. येथे त्या पक्षाच्या आना कासाउट्स्की (जन्म १९९३) २४·३ टक्के मतांनी निवडून आल्या. ख्रिश्चन डेमॉक्रॅटिक उमेदवारास २०·४ टक्के मते मिळाली. म्हणजे विजयी उमेदवारास चारांतील एकाही मतदाराचा पुरता पाठिंबा नव्हता. फेरनिवडणुकीची जुनी तरतूद बुंडेस्टागसाठी नसल्याने मतविभागणी वाढली, की ‘थेट प्रतिनिधी’ या कल्पनेचा पाया असा अरुंद होतो. नव्या सदस्यांच्या कारकीर्दीतच युक्रेनमधील युद्धामुळे रशियन वायू बंद झाला व द्रवीभूत नैसर्गिक वायू उतरविण्याचे केंद्र मुक्रान येथे उभारण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पर्यटनावर जगणाऱ्या बिंट्सने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दाद मिळाली नाही आणि २०२४ मध्ये केंद्र सुरू झाले. समुद्रतळाच्या रशियन वायुवाहिन्यांचे नळ ज्या बंदरात रचून ठेवले जात, तेच हे बंदर. राष्ट्राची गरज व किनाऱ्याची उपजीविका यांचा संघर्ष येथे कागदावरचा नव्हता.

२३ फेब्रुवारी २०२५ च्या मुदतपूर्व निवडणुकीत ‘जर्मनीसाठी पर्याय’ पक्षाने राज्यातील सहाही मतदारसंघ घेतले व येथून डारिओ झाइफर्ट एकतृतीयांशाहून अधिक मतांनी निवडून आले. २०१७ मध्ये सहाही जागा ख्रिश्चन डेमॉक्रॅटिक पक्षाकडे, २०२१ मध्ये सहाही सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाकडे आणि २०२५ मध्ये सहाही तिसऱ्याच पक्षाकडे, असा हा क्रम आहे. एकतीस वर्षे एका व्यक्तीस निवडून देणारा मतदार चार वर्षांत दोनदा पूर्णपणे पालटला, असे वरवर दिसते. वस्तुतः येथील पक्षनिष्ठा मुळातच पातळ होती. पक्षसंघटनांत नोंदलेल्या सदस्यांची संख्या पूर्वेत पश्चिमेच्या मानाने फार थोडी असते आणि मेर्केल यांना मिळणाऱ्या पहिल्या मतांत व्यक्तीचा वाटा मोठा होता.

ही निवडणूक २०२३ च्या सुधारित कायद्याखाली झाली. त्याने बुंडेस्टागची सदस्यसंख्या ६३० वर निश्चित केली आणि मतदारसंघातील विजयाने आपोआप जागा मिळण्याचा जुना नियम रद्द केला : राज्यातील पक्षाच्या दुसऱ्या मतांतून जेवढ्या जागा निघतात, तेवढ्याच विजेत्यांना प्रवेश मिळतो व सर्वांत कमी टक्केवारीचे विजेते वगळले जातात. घटना-न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा भाग वैध ठरविला. २०२५ मध्ये देशभरातील तेवीस मतदारसंघांच्या विजेत्यांना अशा रीतीने जागा नाकारली गेली. झाइफर्ट यांची जागा या नियमात सुरक्षित राहिली. [⟶ जर्मनी, निर्वाचनपद्धती, हॅन्सिअॅटिक संघ].